या वर्षीचीच दहा गाणी

जबलपूरचे माझे घरमालक जुनी गाणी ऐकत नसत. हे मी नाशिकला कुणाला सांगितलं की त्यांना वाटतं, मी चुकून उलटं बोलले. सत्तरीला टेकलेला, फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून चहा पिणारा. त्याने जुनीच गाणी ऐकायला हवीत. पण काकांचं म्हणणं असं, की जुनं गाणं आवडतं ते गाण्यामुळे नाही, ते आलं तेव्हा आपण तरुण होतो म्हणून. "लोक गाणं थोडीच ऐकून राहिले," ते म्हणायचे, "आपला जुना फोटो पाहून राहिले."

स्वतः ते फक्त चालू वर्षाची गाणी ऐकत. आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या उन्हात, गच्चीवर साऱ्या गल्लीला बोलावून त्या वर्षीची आपली आवडती दहा गाणी लावत. दहाव्या नंबरापासून सुरुवात, पहिला नंबर शेवटी. मधे रेडिओवर बोलतात तसं बोलणं. गल्लीत याला "काकाजी का काउंटडाउन" म्हणत. काका स्वतः त्याला काहीच म्हणत नसत. "रविवारी वर या," एवढंच.

मी तिथे राहायला गेले ती रेल्वेच्या ऑफिसात बदली झाली म्हणून. घमापुरात एका मराठी कुटुंबाची वरची खोली रिकामी आहे, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. मी गेले तेव्हा काका फाटकातच होते. नाव, गाव, नोकरी काही न विचारता त्यांनी विचारलं, या वर्षी तुला कोणतं गाणं आवडलं. मला वाटलं, हा माणूस गाण्यातला कुणी दर्दी असावा, म्हणून मी माझ्या आईच्या आवडीचं एक जुनं, सर्वमान्य गाणं सांगितलं. काकांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना कालचा भात वाढला होता. "हे या वर्षीचं आहे?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. ते घराकडे वळून म्हणाले, "अहो, ऐकलं का, ही चांगली आहे, पण हिचं घड्याळ बंद आहे."

काकू आतून विणकाम हातात घेऊनच आल्या. "तुम्हाला भाडेकरू पाहिजे का जज पाहिजे?" त्यांनी विचारलं, आणि मला आत नेऊन खोली दाखवली. चार वर्षं मी तिथे राहिले.

दोघं जबलपूरलाच जन्मलेली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हीची मिसळ. माझ्या नाशिककडच्या मराठीची काकांना फार मजा वाटे. मी "का" म्हणाले की ते "काहून" म्हणत, मी "करतेय" म्हणाले की "करून राहिली" म्हणत, आणि मी बातम्या देते तसं बोलते असं गल्लीभर सांगत.

काकांच्या दहा गाण्यांचे नियम कडक होते. पहिला नियम, गाणं या वर्षीचं हवं. दुसरा नियम महत्त्वाचा: ते गाणं मोबाइलवर शोधलेलं नको, ते आपल्याकडे चालत आलेलं हवं. म्हणजे कुठेतरी जाताना कानावर पडलेलं. यासाठी ते वर्षभर आपल्या जुन्या स्कूटरवरून शहरात फिरत. ओमतीच्या चौकात ऑटो गाणं लावून थांबले की हेही थांबत आणि सिग्नल सुटला तरी हलत नसत. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानांत ते सगळ्यांना माहीत होते. दुकानात काही घ्यायचं नसताना पायरीवर उभं राहून ते विचारत, "भैया, ये नया है ना?" दुकानदाराला आधी वाटे, हे साडीबद्दल विचारताहेत. नंतर ओळख झाल्यावर काका दिसले की तो आपणहून सांगे, काकाजी, आज कुछ नया नहीं है.

एकदा काकूंनी त्यांना कोथिंबीर आणायला पाठवलं. काका परतले ते दोन तासांनी, कपाळाला टिळा लावून आणि तोंडात पान. झालं असं होतं की वाटेत एक वरात लागली. बँडवाले एक नवं गाणं वाजवत होते आणि ते काकांच्या कानात नीट शिरायच्या आत त्यांनी दुसरं सुरू केलं. आता ते पुन्हा वाजवतील, या आशेवर काका वरातीबरोबर चालत राहिले. चालता चालता लग्नाचा हॉल आला. मुलीकडच्यांनी त्यांना मुलाकडचं समजून टिळा लावला, मुलाकडच्यांनी मुलीकडचं समजून पंगतीत बसवलं. जेवण झाल्यावर काका बँडमास्टरला जाऊन भेटले, तेव्हा तो म्हणाला, बाबूजी, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर तिथल्या तिथे वाजवलं असतं.

"आणि कोथिंबीर?" काकूंनी विचारलं.

"जेवणात होती," काका म्हणाले.

ते गाणं त्या वर्षी पाचव्या नंबरावर आलं.

गच्चीवरच्या त्या दुपारी काकूंचीही एक अट असे. डिसेंबरात जबलपूरला मटार स्वस्त होतो आणि घराघरात पोत्याने येतो. ज्याला गाणी ऐकायची त्याने शेंगा सोलायच्या. "कान यांना द्या, हात मला द्या," असं त्या म्हणत. त्यामुळे सतरंजीवर सगळी गल्ली गोल करून बसलेली, मधे शेंगांचा ढीग, एका कोपऱ्यात खव्याच्या जलेबीचं पातेलं, आणि स्टुलावरच्या स्पीकरशेजारी काका, स्वेटरवर कोट घालून, घसा साफ करत. काकू मात्र सोलत नसत. त्या कठड्याला पाठ लावून वर्षभर चाललेलं कसलंतरी विणकाम करत बसत. गाण्यांशी आपला काही संबंध नाही, असं त्या उघड सांगत.

काकांच्या निवडीवर गल्लीत भांडणं होत. शेजारचे मिश्राजी दर वर्षी यायचे, दर वर्षी सर्वांत जास्त जलेबी खायचे आणि दर वर्षी म्हणायचे की आजकालचं गाणं हे काही गाणं नव्हे. काका त्यांना शांतपणे सांगत, "मिश्राजी, आपके पिताजी भी यही कहते थे। मेरे सामने कहते थे।" मिश्राजींच्या वडिलांना काकांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे मिश्राजी आणखी एक जलेबी उचलत.

मी गेले त्या पहिल्याच वर्षी तिसऱ्या नंबरावर कचऱ्याच्या गाडीचं गाणं आलं. महापालिकेची गाडी सकाळी गल्लीत शिरताना स्वच्छतेचं एक गाणं वाजवत यायची, तेच. गच्चीवर गदारोळ झाला. काकांनी हात वर केला आणि सांगितलं की या वर्षात सगळी गल्ली घरातून धावत बाहेर आली असं दुसरं एक तरी गाणं दाखवा. कुणाला दाखवता येईना. काकांनी गाडीच्या ड्रायव्हरलाही बोलावलं होतं. तो संकोचाने जिन्याशी उभा होता. गाणं सुरू होताच त्याने हात जोडले. "बाबूजी, दिन भर यही बजता है," तो म्हणाला, "आज इतवार है, इसको रहने दीजिए।" काकांनी गाणं अर्ध्यात थांबवलं, पण नंबर बदलला नाही.

दोन वर्षं मी हे सगळं मजेत पाहिलं. तिसऱ्या वर्षी ती मैनेची गोष्ट झाली.

चौथ्या नंबरावरचं गाणं लावण्याआधी काका नेहमीपेक्षा जास्त बोलले. म्हणाले, इतकी वर्षं सगळे गाणारे माणसांनाच विचारत आले, कुठे आहेस, कशी आहेस. या वर्षी पहिल्यांदा एकाने पाखराला विचारलं. मग समोरच्या कडुनिंबावर बसणाऱ्या मैनेबद्दल ते बोलले, फॅक्टरीच्या शेडमध्ये घरटं करणाऱ्या मैनेबद्दल बोलले. फार छान बोलले. गाणं लागलं. ऐकता ऐकता लोक एकमेकांकडे पाहू लागले आणि मागे कुणीतरी हसलं. मग हसू पसरत गेलं. मिश्राजींची सून काकांशी फार अदबीने वागायची. ती हळूच म्हणाली, "काकाजी, मैना नहीं है। नैना है।"

काकांना ते पटलं नाही. त्यांनी गाणं पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी स्पीकरला कान लावला आणि डोळे मिटले. आता कुणी हसत नव्हतं. काकांनी डोळे उघडले, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि त्यांना कळलं. गाण्याबद्दल नाही, कानांबद्दल. त्यांनी स्पीकरची वायर काढली, ती हाताभोवती गुंडाळली, म्हणाले, "चलो, जलेबी संपवा," आणि खाली गेले. वरचे तीन नंबर त्या वर्षी कुणालाच कळले नाहीत.

त्यानंतर काकूंनी मला सांगितलं की काकांना कमी ऐकू येतं हे त्यांना बरेच दिवस माहीत होतं. फॅक्टरीत काकांचा सगळा जन्म घणाच्या आवाजात गेला होता. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन सांगितलं होतं, पण काका ऐकायला तयार नव्हते. "पस्तीस वर्षं मशीनच ऐकली," ते म्हणत, "आता कानात पण मशीनच घालू?"

पुढचं वर्ष त्या घरात विचित्र गेलं. स्कूटर आच्छादनाखाली राहिली. टीव्ही इतका मोठा लागे की मी वर बसून खालच्या बातम्या ऐके, आणि काकूंशी बोलायचं तर मला त्यांच्या स्वयंपाकघरात जावं लागे. काका कमी बोलू लागले. कुणी काही विचारलं की आधी हसायचे, मग हो म्हणायचे, कारण हो म्हटलं की माणसं पुन्हा बोलत नाहीत. मिश्राजींनी एकदा त्यांना तुमची तब्येत बरी नाही का विचारलं, तर काका हसून हो म्हणाले, आणि मिश्राजी बिचारे दोन दिवस काळजीत होते. संध्याकाळी काका फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडे बघत राहत. मला वाटे, रुसलेत. काकूंना वाटे, खचलेत. त्या विणता विणता उठून मधेच फाटकाकडे बघून येत.

डिसेंबर आला, मटार आला. गाण्यांचं नाव कुणी काढलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसला निघत होते, तेव्हा काका जिन्याखाली उभे होते. "रविवारी वर या," ते म्हणाले.

मी काकूंना विचारलं. त्यांनाही काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या की यांना ऐकू तर येत नाही, हे लावणार काय, आणि लोक परत हसले तर यांचं काय होईल. मग म्हणाल्या, "तू जवळ बसशील." मी बसेन म्हणाले.

रविवारी गच्ची भरली. लोक दर वर्षीपेक्षा जास्त होते. तरी फक्त शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. कोपऱ्यावरचा पाणीपुरीवालाही आलेला पाहून मला आश्चर्य वाटलं. त्याला काकांनी खास बोलावलं होतं. स्पीकर स्टुलावर होता, पण काकांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. म्हणाले, मी सांगेन, तू लाव.

मग ते उभे राहिले आणि घसा साफ केला.

"नंबर दस," ते म्हणाले, "पाणीपुरीवाल्या भैयाच्या डाव्या पायाचं गाणं."

कुणालाच समजलं नाही. काकांनी समजावून सांगितलं. यंदा गाणी माझ्यापर्यंत चालत आली नाहीत, ती तुमच्यापर्यंत येऊन थांबली. म्हणून मी ती तुमच्यात पाहिली. संध्याकाळी ठेला लागला की भैयाचा डावा पाय हलतो. रोज नाही, एकच गाणं लागलं की. पावसाळ्यापासून पाहून राहिलो. भैया, कोणतं होतं ते?

पाणीपुरीवाला आधी लाजला, मग त्याने सांगितलं. मी मोबाइलवर शोधून लावलं. आणि गाणं लागताच सगळ्या गच्चीसमोर त्याचा डावा पाय हलू लागला. त्याने तो उजव्या पायाने दाबून धरला, तरी थांबेना. लोक हसले, आणि काकाही हसले. ते स्पीकरकडे बघतच नव्हते. ते आमच्याकडे बघत होते.

तसे एकेक नंबर येत गेले. इस्त्रीवाल्या दीदी कोणत्या गाण्याला इस्त्री लांब फिरवतात, समोरच्या बँकेतल्या साहेबांची मान फोनवर बोलताना नाही पण फोन ठेवल्यावर कशी डोलते. सहावा नंबर माझा होता. मी ऑफिसातून आले की गाडी बंद करते, पण हेल्मेट लगेच काढत नाही, आत काचेमागे माझे ओठ हलत असतात आणि ओळ संपल्यावरच मी हेल्मेट काढते, असं काकांनी सांगितलं. मी असं करते हे मला माहीतच नव्हतं. जबलपुरात मी एकटी राहत होते, आणि मला वाटे की माझ्या येण्याजाण्याकडे कुणाचं लक्ष नाही. कोणतं गाणं ते मला लगेच आठवलं. मी ते लावलं.

दुसऱ्या नंबरावर मिश्राजी आले. काका म्हणाले, यांची बोटं. सकाळी पेपर वाचताना पेपरच्या मागच्या बाजूवर चालतात. मिश्राजींनी ठामपणे सांगितलं की ती भजनं असतात. त्यांची सून मान खाली घालून शेंगा सोलत म्हणाली, "पापाजी, उस वक्त तो किचन में मेरा मोबाइल बजता है।" आणि जे गाणं लागलं ते इतकं नवं होतं, इतकं दणदणीत होतं, की मिश्राजी जलेबीच्या पातेल्याकडे तोंड करून बसले. पण बोटं गुडघ्यावर चालत होती, आणि ती सगळ्यांनी पाहिली.

"आणि नंबर एक," काका म्हणाले. इथे ते थांबले. कोटाचं बटण लावलं, काढलं.

"नंबर एक या घरातला आहे. या म्हणतात, मला गाण्यांशी काही घेणं नाही. पण मी फाटकात बसतो, तर या आत खिडकीजवळ बसून विणतात, आणि काहीतरी गुणगुणतात. रोज. वर्षभर तेच गाणं. मला ओठ दिसतात, गाणं नाही माहीत. मला ते पहिल्या नंबरावर ठेवायचं आहे." मग ते काकूंकडे वळले. "सांगा. कोणतं आहे?"

सगळ्या गच्चीने काकूंकडे पाहिलं. काकूंचे हात थांबले होते. त्या मला म्हणाल्या, हळू, की आता यांना काय सांगू. मग त्या उठल्या, काकांजवळ गेल्या, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गाणं नाही हो ते. मी टाके मोजत असते."

कुणी हसलं नाही. मैनेचं हसू सगळ्यांना आठवत असावं. काका काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय मोजता?" त्यांनी विचारलं.

"दोन सुलट, एक उलट. मग लोकर पुढे."

"चाल आहे?"

काकांनी पुन्हा विचारलं, चाल तर असेल, नाहीतर ओठ असे नसते हलले. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या. दोन सुलट, एक उलट, लोकर पुढे. दोन सुलट, एक उलट, लोकर पुढे. आणि खरंच, त्याला चाल होती. काकूंना स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं असावं, कारण त्या मधेच हसल्या आणि परत सुरू केलं. मिश्राजींच्या सुनेने मटारच्या पातेल्यावर ठेका धरला. पाणीपुरीवाल्याने पाय सोडून दिला. थोड्या वेळाने मराठीचा एक शब्द न येणारी गल्लीतली माणसं दोन सुलट एक उलट म्हणत होती. काकांना त्यातलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक, पण त्यांनी हात वर केला आणि निर्णय दिला, "या वर्षीचंच आहे. नंबर एक कायम."

त्या दिवशी संध्याकाळी काकूंनी त्यांना सांगितलं, "गल्लीसमोर कानात ओरडले ते एकदाच, पुढच्या वर्षी ओरडणार नाही." संक्रांतीनंतर काका मुकाट्याने डॉक्टरकडे गेले.

मशीन घालून आले त्या दिवशी मी खालीच होते. काका अंगणात बसले आणि एकेक आवाज ओळखत गेले. कुकर, नळ, मिश्राजींचं खोकणं. टीव्ही लावला तर आवाज इतका मोठा होता की दचकून त्यांनी स्वतःच बंद केला, आणि आम्ही हे रोज सहन करत होतो का, असं विचारलं. काकूंनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे गच्चीवरची ती दुपार मागितली. मी माझ्या मोबाइलवर थोडीशी रेकॉर्ड केली होती. मी लावली. नंबर दस, पाणीपुरीवाल्या भैयाच्या डाव्या पायाचं गाणं, असं मोबाइलमधून ऐकू आलं आणि काकांनी इकडेतिकडे पाहिलं.

"हा कोण बोलून राहिला?"

"तुम्ही," मी म्हणाले.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पूर्ण ऐकलं.

"असा आवाज आहे माझा?" त्यांनी काकूंना विचारलं. "फाटक ओढल्यासारखा?"

"असाच आहे. पहिल्यापासून."

"मग लग्नाला हो काहून म्हटलं?"

काकू विणत होत्या. त्यांनी ओळ पूर्ण केली, सुई बदलली. "मला पाहायला आला होतात तेव्हा," त्या म्हणाल्या, "तुम्ही तोंड उघडलंच नव्हतं."